निजलेल्या अळ्यांची गाडी

"हात लावून बघ बरं," मामा म्हणाले.

मी तळहात झडपेसमोर धरला. घरून निघताना तिथून येणारी हवा माठाच्या अंगासारखी होती. आता ती तापाने फणफणलेल्या माणसाच्या श्वासासारखी बोटांवर येत होती.

"गरम आहे, मामा."

"गरम का कोमट?"

"गरम."

मामांनी एसीचं बटण बंद केलं, थोडं थांबून पुन्हा चालू केलं. पंख्याचा आवाज वाढला आणि त्यासोबत उष्माही. मग त्यांनी आरसा किंचित वाकडा केला. मागचा रस्ता त्यांना बघायचा नव्हता, मागचे ट्रे बघायचे होते.

गाडी दुहेरी केबिनचा जुना पिकअप होती. मागची सीट मामांनी गाडी घेतली त्याच आठवड्यात काढून टाकली होती आणि तिच्या जागी दहा ट्रे एकावर एक रचलेले होते. त्यांत दोनशे अंडीपुंजांच्या, म्हणजे दोनशे माद्यांच्या अंड्यांतून निघालेल्या, रेशीम अळ्या झोपल्या होत्या. झोपल्या होत्या, हे मी शब्दशः सांगते आहे. रेशमाची अळी वाढताना चार वेळा पाला सोडते, डोकं वर उचलून निश्चल होते, आणि दिवसभराने जुनी कात टाकून पुन्हा हलू लागते. या अळ्यांची ही दुसरी झोप होती. अंड्यातून निघालेल्या अळ्या या दुसऱ्या झोपेपर्यंत वाढवायच्या आणि झोपेतच शेतकऱ्याच्या शेडवर नेऊन पोचवायच्या, हा मामांचा धंदा. झोपेत त्यांना पाला लागत नाही. गारवा मात्र लागतो. केबिन तापली तर कात अर्धी सुटते, अर्धी अडकते, आणि अळी आपल्याच जुन्या कातडीत घुसमटून मरते.

हा माल सुभद्राबाई आणि कौसाबाई या दोन जावांचा होता. मेहकरच्या अलीकडे त्यांचं गाव. दोघींनी वर्षभर तुती जोपासली होती, शेड बांधलं होतं, आणि ही त्यांची पहिलीच बॅच होती. सकाळपासून त्यांचा तीनदा फोन येऊन गेला होता.

एरवी आम्ही अंधारातच निघत असू. त्या दिवशी एका ट्रेमधल्या काही अळ्या उजाडल्यावरही पाला कुरतडत होत्या. मी म्हटलं, मूठभर मागे राहिलेल्यांसाठी बाकीच्यांना उन्हात कशाला घालायचं? मामा ट्रेशेजारी पाटावर बसले आणि म्हणाले, "समदी निजल्याबिगर गाडी हलायची न्हाई. एसी कामून घेतलाय मग?" शेवटची अळी स्थिर व्हायला साडेनऊ वाजले. महिना एप्रिलचा होता, आणि मुलूख जालना जिल्ह्याचा.

काचेजवळ टांगलेला तापमापक एकतीस दाखवत होता.

"काच खाली घेऊ?"

"अजिबात नगं. तिकडं बघ."

रस्त्याला लागून वांग्याचा प्लॉट होता. एक माणूस पाठीवर पंप बांधून सरीसरीने औषध फवारत चालला होता आणि त्या फवाऱ्यात ऊन तुकड्या-तुकड्यांनी चमकत होतं. दृश्य सुंदर होतं. त्या औषधाचा नुसता वास केबिनमध्ये शिरला असता तरी संध्याकाळपर्यंत दहाही ट्रे झाडून काढावे लागले असते. उघडी काच आणि बंद काच यांच्यामध्ये आमचा एसी तेवढा उभा होता, आणि त्याने आता हात टेकले होते.

"बत्तीस," मी म्हणाले.

"वाचून दाखवू नगंस. मपल्याला डोळे हायेत." मग, स्वर उतरवून, "मंठ्यात मुनाफ हाय. यष्टीच्या डेपोत व्हता आधी. त्याच्याकडं घेऊ."

मी मामांकडे येऊन तेव्हा चार महिने झाले होते. मराठी घेऊन एम.ए. केलं होतं, प्राध्यापकाच्या जागेसाठी तीन ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या, आणि तिसऱ्या नकारानंतर मी बोलणंच सोडलं होतं. कुणावर रागावून नव्हे. शब्द तोंडापर्यंत येत आणि कशासाठी आलो हे विसरून परत जात. आईने भावाला कळवलं. मामा जालन्याला येऊन मला घेऊन गेले. अळ्या वाढवायच्या त्यांच्या केंद्रातल्या स्वच्छतेचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. रोगाचा एक कण आत आला तर हजारो अळ्या जातात, म्हणून तिथे जमीन, भिंती, ट्रे, चपला, सगळं सारखं निर्जंतुक करावं लागतं. मला ते काम आवडलं. त्याचे नियम छापील होते आणि ते पाळले की कुणी प्रश्न विचारत नसे.

मंठ्याला पोचलो तेव्हा पारा चौतिसावर होता.

मुनाफभाईंचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं एक छप्पर, मागे मोडक्या गाड्यांचं आवार आणि आवाराला लागून त्यांचं घर. चष्म्याच्या दांड्यांना सुतळी बांधलेला तो पन्नाशीचा माणूस बॉनेट उघडायच्या आधी मागच्या काचेतून आत डोकावला.

"मामा, इसमें क्या है?"

"पोरं हायेत. निजल्यात."

"किती?"

"नव्वद हजार."

मुनाफभाईंनी चष्मा वर सरकवला. "मग उतरवा की आधी. एसी खोलायचा तर इंजिन बंद लागेल. गाडी तंदूर होईल पाच मिनिटांत."

घराची पुढची खोली मोठी आणि सावलीची होती. मामा उंबऱ्यात थांबले आणि त्यांनी नाक वर करून हवा हुंगली.

"इथं मच्छरची कॉइल लावता का हो?"

"रोज लावतो."

"मग हे न्हाई चालायचं."

"अत्तर?"

"तेबी न्हाई."

"बिडी तरी ओढू देता का माझ्याच घरात?" मुनाफभाई हसले. "आतली खोली बघा. अम्मीची. तिला दमा आहे, तिथे उदबत्तीसुद्धा नसते."

मामा आत गेले, पुन्हा हुंगलं, आणि त्यांचा चेहरा प्रथमच सैल झाला.

खाटेवर एक सडपातळ म्हातारी बसलेली होती. आम्ही पहिला ट्रे खाटेशेजारी टेकवला तेव्हा ती ओणवी होऊन बघत राहिली. कागदावर, वाळलेल्या पाल्याच्या शिरांमधून, पिवळट राखी रंगाच्या बोटाच्या पेराहूनही लहान अळ्या डोकी उचलून थांबलेल्या होत्या, कुणीतरी हाक मारली असावी आणि ऐकणं अर्धवट राहिलं असावं तशा.

"मेल्या का काय गं?"

"नाही, अम्मी. झोपल्यात."

"बराबर झोपल्यात?"

"हो."

"मग तू मोठ्याने कशाला बोलते?" असं म्हणून तिने खाटेवरची चादर ओढून माझ्या हातात दिली. "ही भिजव, खिडकीला लाव. वारा येऊ दे, ऊन नको." आणि दारात उभ्या मुलाला कुजबुजत ओरडली, "मुनाफ, हातोडी वापरशील तर बघ!"

ट्रे खाटेभोवती मांडून झाले. अम्मी पाय वर घेऊन बसली आणि ताडाच्या पंख्याने वारा घालू लागली, अगदी हलका, पोरांच्या पाळण्यावर घालतात तसा. मी बादलीत चादर बुडवली. खिडकी गॅरेजच्या बाजूला उघडत होती. बाहेरचं सगळं बोलणं आत येत होतं.

"कंप्रेसर ठीक," मुनाफभाईंचा आवाज. "पंखा ठीक. गेज बघा, काटा पडलाय. गॅस नाही. गॅस गेला कुठे, ते शोधायचं." थोड्या वेळाने साबणाचं पाणी शिंपडल्याचा आवाज, आणि मग एक दीर्घ शीळ. "मामा, इकडे या. गॅस फिरतो ती समोरची जाळी बघा. फेस येतोय ना? इथे, इथे, आणि इथे. चाळण झालीय."

"दगड लागला असंल."

"दगड एका जागी लागतो. हे पांढरं काय आहे? बोट लावा. ॲल्युमिनियम आहे हे, आणि भिजल्या बिस्किटासारखं हातात येतंय. यावर काय मारता?"

मामा म्हणाले, "चुना आन ब्लीचिंग पावडर. पाण्यात. आमच्यात निर्जंतुक करावं लागतं."

"चाकांना करा ना! गाडी चिखलातून येते, चाकं धुवा, कोण नको म्हणतं? तोंडावर कशाला? एकदा नाही, महिनोन्‌महिने मारलंय हे."

"रोज."

"रोज! कोण शहाणा मारतो?"

खिडकीत मी उभी होते. चादरीचं एक टोक खिळ्याला अडकवलं होतं, दुसरं माझ्या हातात होतं.

"मीच," मामा म्हणाले.

"वय काय तुमचं?"

"अठ्ठावन्न."

"या वयात घरात कुणी सांगायला नाही?"

"सांगितलं व्हतं. ऐकलं न्हाई मी."

मुनाफभाईंनी मग मामांना पुष्कळ सुनावलं. यंत्राला जीव नसतो म्हणून त्याला कसंही वागवायचं का, इथपासून ते ज्या गाडीने पोरं न्यायची तिचंच नाक दाबायचं हे कसलं शहाणपण, इथपर्यंत. मामा "हां," "बरोबर हाय," "चुकलं" एवढंच म्हणत होते.

"बेटी," अम्मी म्हणाली, "पाणी तुझ्या पायावर पडतंय."

मी चादर नीट लावली आणि ट्रेशेजारी जमिनीवर बसले.

नवी जाळी जालन्याहून मागवायची तर दुसरा दिवस उजाडला असता. मागच्या आवारात अपघात झालेला एक तसाच पिकअप पडून होता. त्याची मागची बाजू चेपली होती, तोंड शाबूत होतं. मुनाफभाईंनी त्याची जाळी काढली, नळाखाली धुतली, हवा भरून पाण्यात बुडवून पाहिली, आणि आमच्या गाडीला बसवायला घेतली. एक पट्टी जुळेना, तिथे त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून तारेने आवळलं. मग त्यांनी एक छोटा पंप नळीला जोडला आणि खुर्ची ओढून बसले.

तोवर एक वाजला होता. मी खोलीतून बाहेर आले.

"आता गॅस भरायचा का?" मामांनी विचारलं.

"आता व्हॅक्यूम. आतली हवा, ओल, सगळं ओढून काढायचं. पाऊण तास."

"अहो, आत तेहतीस झालंय. पंधरा मिंटात न्हाई का व्हायचं?"

"होईल. पंधरा मिनिटांत गॅस भरून देतो, हवा गार येईल, तुम्ही खूश. मग आत राहिलेल्या पाण्याचा बर्फ होईल, वाट बंद होईल, आणि लोणारच्या घाटात पुन्हा गरम हवा. तेव्हा अम्मीची खोली कुठून आणणार?"

मामांनी त्यांच्याकडे बघितलं. मग ते जवळच्या टायरवर बसले आणि त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "घ्या पाऊण तास," ते म्हणाले. सकाळी पाटावर बसले होते तसेच ते बसले होते, आणि समोरच्या माणसात आपलाच कुणी जातभाई दिसावा तसं त्यांच्या चेहऱ्यावर काहीसं समाधान होतं. त्या पाऊण तासात पंप तेवढा घुमत होता. मला मामांशी बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, केवळ चार शब्दांचं. ते ओठांपर्यंत येत होतं आणि नेहमीसारखं परत फिरत होतं.

दोनच्या सुमारास गॅस भरला. मुनाफभाईंनी मला हाक मारली, "मॅडम, हात लावा."

मी झडपेसमोर हात धरला. पहिल्यांदा काहीच नव्हतं. मग विहिरीवरून येतो तसा एक ओलसर गारवा बोटांच्या पेरांना शिवला, मनगटावर चढला, आणि का कोण जाणे, माझे डोळे भरून आले.

"गार आहे," मी म्हणाले.

"गार का थंड?" मामांनी विचारलं.

"थंड."

ट्रे परत चढवताना अम्मी दारापर्यंत आली. "उठल्या की फोन कर," तिने मला बजावलं, आणि मामांना म्हणाली, "तू पण रे. म्हातारा झाला, चुना खेळतो." मामांनी निमूटपणे मान हलवली.

त्या दुपारी बाहेर बेचाळीस अंश होते. डांबर मऊ पडून चाकांखाली चिकट आवाज करत होतं. आत पारा सत्ताविसावर आला आणि तिथेच राहिला. चारच्या पुढे आम्ही शेडवर पोचलो तेव्हा दोघी जावा रस्त्यावर येऊन उभ्या होत्या.

"आम्हाला वाटलं मामा आळ्यांसंगं मेहकरच्या बाजारात गेले," कौसाबाई म्हणाली.

"गप गं," सुभद्राबाईने तिला दटावलं, आणि मग भीत भीत, "जित्या हायेत ना?"

"हे उद्या कळंल," मामा म्हणाले.

खरंच ते दुसऱ्या दिवशीच कळणार होतं. निजलेली अळी आणि मेलेली अळी यांत वरवर पाहता फारसा फरक नसतो. कात सुटली की नाही, हे अळी उठल्यावरच समजतं. माल उतरवून परत फिरायचा मामांचा शिरस्ता होता. त्या दिवशी ते राहिले. ट्रे शेडमध्ये लावले, पोत्यांचे पडदे ओले केले, आणि जावांनी दिलेली भाकरी खाऊन आम्ही शेडच्या ओट्यावरच आडवे झालो.

पहाटे जाग आली तेव्हा मामा शेडच्या दारात बसलेले होते. पूर्वेकडे तुतीच्या ओळींच्या शेंड्यांवर करडा उजेड उतरत होता. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"उठल्या?"

"बघतोय. दोन-चार हलाया लागल्यात. घाई नगं. बहुतेक उठल्या की मगच पाला टाकायचा. न्हाई तर पुढच्या पुढं जात्यात आन मागच्या उपाशी राहत्यात."

तेव्हा ते चार शब्द आले, आणि या खेपेस मी त्यांना जाऊ दिलं नाही.

"मामा, ते मी केलं."

"काय?"

"चुना. जाळीवर. रोज संध्याकाळी गाडी परत आली की मीच फवारत होते. पुढून मागून, सगळीकडून. तुम्ही एकदा सांगितलं होतं, फक्त चाकं धू म्हणून. मला वाटलं, तुम्ही हयगय करताय. पुस्तकात लिहिलंय, वाहन पूर्ण निर्जंतुक करावं."

"ठावं हाय."

"काल मुनाफभाई एवढं बोलले. मी खिडकीत उभी होते. मला बाहेर यायला हवं होतं."

"त्या माणसाचा बोलायचा हक्कच व्हता. मशीन बघवत न्हवतं त्याला." मामांनी दोन्ही तळवे एकमेकांवर घासले. "आन तू आली असतीस तर अम्मीपाशी कोण बसलं असतं?"

"पण तुम्हाला ठाऊक होतं की जाळी खराब होईल?"

"एवढी व्हईल असं न्हवतं वाटलं. थोडी व्हईल, हे ठावं व्हतं."

"मग मला पुन्हा सांगितलं का नाही?"

मामांनी वळून मागे बघितलं. शेडच्या आत जावांची कुजबुज चालली होती. त्या ट्रेमध्ये वाकून काहीतरी एकमेकींना दाखवत होत्या.

"आलो व्हतो सांगाया," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी. तू पंप घेऊन गाडीपुढं उभी व्हतीस, पाठमोरी. महिना झाला व्हता तुला येऊन. जेव म्हटलं की जेवायचीस, निज म्हटलं की निजायचीस. तपल्या आईला फोनवर हां आन हूं. मी मागं येऊन उभा राह्यलो, आन ऐकू आलं. तू काय तरी म्हणत व्हतीस. तोंडातल्या तोंडात. कवितंवानी. फवारा सुरू की तुझं म्हणणं सुरू. फवारा थांबला की तूबी थांबायचीस."

मला ते ठाऊक नव्हतं. आजही, सोळा वर्षांनी, त्या संध्याकाळी मी काय म्हणत असे ते मला आठवत नाही.

"काय म्हणत व्हतीस ते मपल्याला कधी समजलं न्हाई," मामा म्हणाले. "पन रोज त्या टायमाला मी ओट्यावर येऊन बसायचो. चाकांना पाच मिंटं लागत्यात. आख्ख्या गाडीला अर्धा तास."

मी गुडघ्यांवर कपाळ टेकवलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही; आमच्या घरात तशी रीत नव्हती. त्यांनी फक्त आपलं उपरणं आमच्या दोघांमध्ये ओट्यावर ठेवलं आणि दुसरीकडे बघत राहिले. मी डोळे पुसले.

"मामा!" आतून सुभद्राबाईचा आवाज आला. "या की लवकर! ह्यांनी कपडे काढले बगा!"

आम्ही आत धावलो. ट्रेमधलं सगळं दृश्य बदललं होतं. तपकिरी, सुकलेल्या कातींचे बारीक कण कागदावर पडले होते आणि त्यांच्यामधून ओलसर, फिकट, नव्या कोऱ्या अंगाच्या अळ्या डोकी इकडे तिकडे फिरवत पाला शोधत होत्या. मामा एकेका ट्रेवर वाकले. सर्वांत वरचा ट्रे गाडीच्या टपाला लागून होता. त्यातल्या पसाभर उठल्या नाहीत. त्या त्यांनी चिमटीने वेचून चुन्याच्या भांड्यात टाकल्या, एकेक करून, कुणाला न दाखवता. त्या ट्रेमधल्या उरलेल्या आणि खालच्या नऊ ट्रेंमधल्या सगळ्या जिवंत होत्या.

"झाल्या का समद्या जाग्या?" कौसाबाईने विचारलं. तिच्या कडेवर कापलेल्या कोवळ्या पाल्याची टोपली होती आणि तिला धीर निघत नव्हता.

मामांनी शेवटच्या ट्रेपाशी बराच वेळ लावला. मग ते सरळ झाले.

"झाल्या. घ्या पाला." दोघी जावा पुढे सरसावल्या तेव्हा त्यांनी हात आडवा केला. "पहिला हात हिचा. तुमी बघून घ्या, पातळ कसा टाकायचा ते."

कौसाबाईने टोपली माझ्याकडे दिली. मी मूठ भरून घेतली आणि पहिल्या ट्रेवर पाला पसरू लागले, हिरवा, ओला, करंगळीएवढाले तुकडे. दुसरा ट्रे झाला, तिसरा झाला. चौथ्यावर आले तेव्हा सुभद्राबाईने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि जावेला कोपराने ढोसून गप्प राहायची खूण केली.

मामांना खरं तर पलीकडचे पडदे भिजवायचे होते. बादली त्यांनी उचललीही होती. ती तशीच हातात धरून ते माझ्यापासून दोन पावलांवर, ऐकू येईल इतक्या अंतरावर, उभे राहिले.